मी डावीकडूनच ओरडत होतो

इकडे. अहो इकडे, वर! डाव्या हाताची दुसरी फांदी, ती वाळलेली. हां, आता सापडलो. बघा, मी दिसायच्या आधीच तुमची मान बरोबर वळली. ती कशी वळली हे तुम्हाला ठाऊक नाही. जन्मभर वळवत आलात, पण कधी विचारलं नाहीत. माणसाला जे फुकट मिळतं, त्याची तो चौकशी करत नाही.

मी सेगो. लुजेंडा नदीकाठच्या रानात राहणारा, साळुंकीपेक्षा जरा लहान, मळक्या रंगाचा पक्षी. मिरवण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. शेपटीच्या दोन्ही कडांना पांढरी पिसं आहेत तेवढीच. पण इथली याओ माणसं मध काढायला निघाली की आधी मला हाक घालतात. "ब्र्र्र-हम्! ब्र्र्र-हम्!" मी ओ देतो, झाडावरून झाडावर उडत पुढे होतो आणि पोळ्याशी नेऊन सोडतो. त्यांच्याजवळ धूर आणि कुऱ्हाड, माझ्याजवळ पत्ता. मध त्यांचा, मेण माझं. आमच्या आज्या-पणज्यांपासून हे असंच चालू आहे आणि आजवर कोणाचा अंगठा घ्यावा लागलेला नाही.

आणि आता गावात माझ्याबद्दल काय बोलतात? सेगो लबाड आहे. मेण दिलं नाही की तो माणसाला पोळ्याकडे नेत नाही, रेड्याच्या तोंडी देतो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते यालाच. ऐकून ऐकून माझी पिसं झडायची वेळ आली, म्हणून आज बोलतोय.

पण आधी माझं पाप सांगतो. मी साव आहे असं मी म्हणणार नाही.

माझी आई आळशी. तिने स्वतःचं घरटं कधी बांधलं नाही. जमिनीतल्या एका बिळात वेड्या राघूंचं घर होतं, तिथे ती मला टाकून गेली. मी अंड्यातून निघालो तेव्हा डोळे मिटलेले, अंगावर एक पीस नाही, पण चोचीला आकडा होता. बिळात मिट्ट काळोख. त्या घरची खरी पिल्लं एक एक करून बाहेर आली आणि चिवचिवली. आवाज माझ्या डाव्या कानात आधी पडला आणि उजव्या कानात नंतर. मी डावीकडे वळलो आणि चोच मारली. मग उजवीकडून चिवचिव झाली. मी उजवीकडे वळलो.

तीन दिवसांनी बिळात मी एकटाच उरलो. राघू मला भरवत राहिले, आणि पोर किती गुटगुटीत आहे म्हणून खूश झाले.

दोन कानांचा पहिला उपयोग मी हा केला. तेव्हा दोन कान कशासाठी असतात हे मला कोणी शिकवायची गरज नाही. मीच तुम्हाला सांगतो.

डोकं म्हणजे दोन कानांच्या मधला बांध. आवाज डावीकडून आला तर डाव्या कानाला आधी लागतो. उजव्याला पोचायला त्याला डोक्याला वळसा घालावा लागतो. उशीर तो किती? पापणी लवायला जेवढा वेळ लागतो, त्याचे शेकडो तुकडे करा आणि त्यातला एक घ्या. एवढासा उशीर. पण आत मेंदू बसलाय, तो तेवढाही सोडत नाही. दुसरं म्हणजे, आवाज बारीक, चिरका असेल तर बांधाच्या पलीकडे तो दबून जातो. या कानात मोठा आणि त्या कानात लहान. मेंदू दोन्ही कानांची साक्ष घेतो, ताडून बघतो आणि तुमची मान वळवतो. समोरून किंवा पाठीमागून आवाज आला, तर दोन्ही साक्षी सारख्याच पडतात. मग तो गोंधळतो आणि तुम्ही डोकं जरा हलवता. हलवलं की फरक पडतो आणि निकाल लागतो. घुबड तर याच्याही पुढचं. त्याचा एक कान वर आणि एक खाली असतो, म्हणून उंदीर वर आहे की खाली, हेही त्याला कळतं. घुबडाला तुम्ही अशुभ म्हणता. त्याच्या निम्मं जरी ऐकलं असतंत, तर पुष्कळ शुभ झालं असतं.

आम्हा पाखरांना हे सगळं माहीत आहे. ससाणा आला की आम्ही बारीक, लांबट शिट्टी घालतो. ती हळूच सुरू होते आणि हळूच संपते. आधी कुठे पोचली आणि नंतर कुठे, याचा पत्ता कोणालाच लागत नाही. पण माणसाला बोलवायचं असतं तेव्हा मी काडेपेटी खुळखुळवावी तसा खडखडतो. प्रत्येक खडखडाट तुटक, धारदार. बहिऱ्यालासुद्धा दिशा कळावी असा.

'बहिऱ्यालासुद्धा' असं मी फुशारकीने म्हणत असे. मग अस्सुमाने भेटला.

अस्सुमाने या गावचा जावई. इथली रीत अशी, की लग्न झालं की नवरा चटई उचलून बायकोच्या गावी येतो. म्हणजे थोरले मामे सोडले तर गावातला प्रत्येक बाप्या घरजावई. तो कामाचा असेल तर राहतो, नसेल तर त्याची चटई गुंडाळून दाराबाहेर ठेवतात. कोणी भांडत नाही, शिव्या देत नाही. चटई दिसली की समजायचं आणि आईच्या गावची वाट धरायची. हा निकाल बायकोचा थोरला मामा देतो. अस्सुमानेच्या बायकोचं नाव अतिजा आणि तिचा मामा चे लिपेंगा. वडीलधाऱ्याच्या नावाआधी इथे 'चे' लावतात. या चे लिपेंगाला तो लावला नाही, तर तो ओसुद्धा देत नाही.

अस्सुमाने मध काढण्यात तरबेज होता. त्याची "ब्र्र्र-हम्" ऐकली की मी भरल्या पोटीही निघत असे. पण लग्नानंतर त्याला काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे, तीन वर्षं तो नदीपलीकडच्या शहरात मक्याच्या गिरणीवर राबायला गेला. इंजिन डाव्या हाताला, आणि दिवसभर भकभक, भकभक. एक दिवस इंजिनाची धुराची नळी त्याच्या डाव्या कानाशीच फुटली. त्यानंतर त्या कानात काही शिरलं नाही. अस्सुमाने एक सायकल, चार लुगडी आणि एक मेलेला कान घेऊन परत आला. सायकल आणि लुगडी त्याने सगळ्यांना दाखवली.

कान लपवला. बहिरा जावई कोणाला हवा असतो? शिवाय त्याला वाटलं, एक गेला तर गेला, दुसरा आहे की. माणसाची ही फार जुनी चूक. दुसरा कान म्हणजे कोठीत ठेवलेला जादा तवा, असं तो समजतो. अरे, ते दोन तवे नव्हेत. त्या जात्याच्या दोन तळ्या आहेत! एक काढून ठेवलीस, तर उरलेली नुसती फिरेल. पीठ पडायचं नाही.

तो आल्यावर चार महिन्यांनी त्याने मला पहिली हाक घातली. बरोबर साइदी होता, गावातलाच दुसरा जावई. मी त्यांच्या डावीकडे, चिंचेवर बसून खडखडलो. अस्सुमाने वळला उजवीकडे.

मला वाटलं, चेष्टा करतोय. मी पुन्हा ओरडलो, आणखी मोठ्याने. तो आणखी जोरात उजवीकडे निघाला. बरोबरच आहे. एकच साक्षीदार उरला होता, आणि तो उजवीकडचा. मेंदू तरी दुसरा काय निकाल देणार? आवाज कुठूनही आला, तरी याला तो उजवीकडूनच यायचा.

उजवीकडे बोरूचं बेट होतं आणि बेटात म्हातारा रानरेडा चिखलात लोळत होता. मी घसा फाटेपर्यंत ओरडलो. मी जितका ओरडलो, तितका तो उत्साहाने उजवीकडे घुसला. पुढचं सांगायला नको. साइदी काट्याच्या झाडावर चढला आणि दुपारपर्यंत तिथेच राहिला. अस्सुमाने नदीत पडला म्हणून वाचला.

गावात येऊन साइदीने आपले ओरखडे सगळ्यांना दाखवले. "सेगोने आम्हाला थेट रेड्याच्या शिंगावर नेलं!"

"मेण बुडवलं असेल कोणी," एक म्हातारा म्हणाला.

"कोणी म्हणजे? शहरातून आलाय तो! शहरात राहिलेल्याला मेणाची काय पर्वा?"

झालं. अस्सुमाने मेणबुडव्या आणि मी खुनशी. दोघांवर एकदमच शिक्का बसला. अस्सुमाने तिथेच होता आणि त्याला खरं ठाऊक होतं. तो गप्प बसला. पाखराची बदनामी झाली तर पाखरू थोडंच मामाकडे दाद मागणार?

त्या दिवसापासून माझी उपासमार सुरू झाली. लोक मध काढत, पण उरलेलं मेण हिरव्या पानावर ठेवण्याऐवजी जमिनीत पुरत. म्हणत, "खोटारड्याला कशाला?"

अस्सुमानेच्या घरीही काही गोडी नव्हती. मी त्यांच्या आंब्यावर बसून सगळं बघत असे. अतिजा चुलीशी त्याच्या डाव्या हाताला बसायची आणि बोलायची. मीठ पुरे झालं का? मासळी आणखी घेणार का? तो मक्याच्या घट्ट उगालीचा घास मळत समोर बघत राहायचा. चटईवरही ती डाव्याच बाजूला. दिवसभरातलं सुखदुःख ती त्याच बाजूला सांगायची आणि उत्तराची वाट बघत बसायची. शेवटी तिने आईला सांगितलं, "शहरात राहून याला गर्व झालाय. माझ्या दहा बोलण्यांतल्या नवांना हा उत्तर देत नाही."

जावयाने आणि सासूने एकमेकांशी थेट बोलायचं नाही, अशीही इथली रीत. पण सासू ती सासूच. ती कोंबडीशी बोलायची. "काय गं बाई, दाणे आमचे टिपायचे आणि तोंड वर करून चालायचं! आपल्या घरात असलं एकच ध्यान पुरे आहे." दुर्दैवाने हे ती त्याच्या उजव्या बाजूला बोलायची.

अस्सुमाने ऐकून घ्यायचा. 'अगं, मला त्या कानाने ऐकू येत नाही' एवढं एक वाक्य त्याच्या घशातून निघत नव्हतं. गर्विष्ठ म्हणवून घेणं त्याला चालत होतं, मेणबुडव्या म्हणवून घेणंही चालत होतं. बहिरा तेवढं नको. पुरुषाची जात!

शेवटी चे लिपेंगाने निकाल दिला. गावची पोरं उन्यागो, म्हणजे वयात येण्याचा विधी पुरा करून, मोठी होऊन रानातल्या मांडवातून परतणार होती. त्यांच्या जेवणाला मध लागतो. "मध आणलास तर राहशील," मामा म्हणाला, "नाही आणलास तर जेवण उरकलं की चटई दाराबाहेर. आणि मी स्वतः बरोबर येणार. हा सेगो कसा फसवतो, बघतोच."

जेवणाच्या आदल्या दिवशी, सकाळी तिघे निघाले. पुढे अस्सुमाने, मागे साइदी, त्याच्या मागे काखेत ऊस घेऊन चे लिपेंगा. ज्याने हाक घातली, पाखरू त्याचं. तोच पुढे चालणार आणि मागच्यांनी तोंड उघडायचं नाही, असा मध काढणाऱ्यांचा नियम आहे.

हाक आली. खरं तर मी जाणार नव्हतो. पण पोटात मेणाचा कण नव्हता, आणि जुनी हाक जुनीच असते. मी विचार केला. याला सगळं उजवीकडूनच ऐकू येतं ना? मग आपणच उजवीकडे बसावं. मी उजवीकडे बसून खडखडलो. तो बरोबर माझ्याकडे आला! मला स्वतःच्या अकलेचं फार कौतुक वाटलं. मग पोळं होतं त्या अंगाला, त्याच्या डावीकडे, झाडावर बसलो. तो उजवीकडे निघाला. मी घाईने उडत पुन्हा उजवीकडे गेलो. तो आणखी उजवीकडे वळला. माझी अक्कल तिथेच संपली. सारखा उजवीकडे वळणारा माणूस कुठे पोचतो?

एका मोठ्या वारुळाशी मामा थांबला. जमिनीवर उसाची चोयटी पडली होती.

"इथे आपल्या आधी कोणीतरी येऊन गेलंय," तो म्हणाला. "मध गेला आपला."

आणखी एक फेरा झाला. पुन्हा वारूळ, पुन्हा चोयटी, आता दुप्पट.

"कोण हा हावरट? आख्खा ऊस संपवलाय इथे!"

"चे," साइदी खाली बघत म्हणाला, "ऊस तुमच्याच काखेत आहे."

मामाने काखेतला ऊस बघितला. तो अर्ध्याहून कमी उरला होता. मग मामा कडाडला, "म्हणजे हे पाखरू आपल्याला गोल गोल फिरवतंय! म्हातारा झालो म्हणून माझी थट्टा करतंय! साइदी, घे दगड. पाड त्याला!"

साइदीने दगड उचलला. नेम त्याचा चांगला, हे मला माहीत होतं. पळावं हेही कळत होतं. पण उपाशी पोटी पंख जड होतात.

अस्सुमाने त्या चोयट्यांकडे बघत उभा होता. दोनदा वळला, दोन्ही वेळा उजवीकडे. रेड्याच्या दिवशीही उजवीकडेच. गिरणी सोडल्यापासून तो एकदाही डावीकडे वळला नव्हता. ते त्याच्या ध्यानात येताना मला वरून दिसलं. मग त्याने साइदीचा हात धरला.

"मारू नकोस. पाखरू खोटं बोलत नाही. माझा डावा कान मेलाय."

"काय झालाय?" मामा म्हणाला.

"मेलाय, चे. गिरणीत. वर्ष होत आलं. मला कशाचीच बाजू कळत नाही. हा कुठून ओरडतो ते मला ठाऊकच नाही. मी नुसता चालतो."

एवढं बोलून तो खाली बसला. पळवाटच उरली नाही की माणूस असा बसतो.

चे लिपेंगाचा विश्वास बसला नाही. त्याने अस्सुमानेला डोळे मिटायला लावले आणि साइदीला टाळ्या वाजवायला सांगितलं. साइदी चवड्यावर चालत डावीकडे गेला, टाळी वाजवली. अस्सुमानेने बोट केलं उजवीकडे. पाठीमागे जाऊन वाजवली, तरी उजवीकडे. अगदी डाव्या खांद्याशी वाजवली, तर त्याने लांब उजवीकडच्या वारुळाला बोट दाखवलं.

"वारूळ टाळ्या वाजवायला लागलं!" साइदी हसता हसता खाली बसला. मामाही पोट धरून हसला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

मग मामा उठला, अस्सुमानेच्या डाव्या बाजूला गेला आणि त्याच्या कानाशी वाकून अगदी हळू म्हणाला, "अतिजाने तुझी चटई आज सकाळीच गुंडाळून ठेवली आहे."

अस्सुमाने डोळे मिटून शांत बसला होता. पुढच्या टाळीची वाट बघत. चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही.

मामाचं हसू गेलं. तो तसाच वाकलेला राहिला. "पोरगी याच बाजूला बसते," तो स्वतःशीच म्हणाला. "आणि आम्ही याला गर्विष्ठ म्हणत होतो."

मग कोणावर तरी चिडायला हवं, म्हणून तो साइदीकडे वळला. "आणि तुला रे? रेड्याच्या दिवशी तुला पाखरू कुठून ऐकू येत होतं?"

"डावीकडून."

"मग बोलला का नाहीस?"

"पुढच्याला मागच्याने कसं सांगायचं, चे? रीत आहे."

ऐकलंत? दोन धडधाकट कान एका मेलेल्या कानाच्या मागून रेड्याच्या शिंगापर्यंत चालत गेले, का तर रीत आहे. आणि लबाड कोण, तर मी!

"आता पाखरू याचं आणि कान तुझे," मामा म्हणाला. "तू हो पुढे."

मी खडखडलो. साइदीची मान लगेच डावीकडे वळली. इतकं सोपं असतं ते! तीनशे पावलांवर गोरखचिंच होती आणि तिच्या ढोलीत पोळं. इतका वेळ त्यांनी ते झाड डावीकडे टाकून वारुळाशीच फेऱ्या मारल्या होत्या. चढायचं काम अस्सुमानेने केलं. खोडात खुंट्या ठोकत, तोंडाशी धूर धरून तो वर गेला. मधमाश्या दोन्ही बाजूंनी सारख्याच चावतात. तिथे कानाचं काम नसतं. त्याने डेरा भरून मध खाली सोडला.

दुसऱ्या दिवशी जेवण झालं. चटई बाहेर आली नाही. मामाने आदल्याच सांजेला अतिजाला सगळं सांगितलं होतं. तिने गुंडाळलेली चटई उलगडली, नवऱ्याची डावी बाजू भिंतीला लावली आणि स्वतः उजवीकडे आली. तिथे बसून तिने वर्षभराचं साठलेलं बोलणं सुरू केलं. ते दोन दिवस पुरलं. अस्सुमानेला तो कानही मेला असता तर बरं, असं वाटलं असेल. पण त्याने सगळ्याला उत्तर दिलं.

आणि मामा? जेवणाच्या पंगतीत तो सगळ्यांना सांगत होता, "मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं."

तुम्हाला वाटेल, माझं नाव धुऊन निघालं. छे! गावात आजही सांगतात, की सेगोने चे लिपेंगाला वारुळाभोवती फिरवलं, मेण बुडवलं म्हणून. खरी गोष्ट त्यांनी ऐकलेली आहे. पण खरी गोष्ट एका कानाने ऐकतात, आणि चटकदार गोष्टीला दोन्ही कान देतात. आता तर जवान माणसंही कानात बोंडं घालून गाणी ऐकत रानात येतात आणि म्हणतात, पाखरं पहिल्यासारखी ओरडत नाहीत.

मी म्हातारा झालोय. शेपटीचं एक पांढरं पीस गळलंय. जास्त काही मागत नाही. पुढच्याने वाट चुकली, तर मला लबाड म्हणण्याआधी एकदा मान हलवून बघा. आणि मागे चालत असाल, तर देवाने दिलेलं तोंड उघडा.

मेण? ते मात्र मिळतं. अस्सुमाने अजून मला हाक घालतो. साइदी पुढे चालतो, अस्सुमाने झाडावर चढतो. मध निघाला की तो मेणाचा मोठा तुकडा हिरव्या पानावर ठेवतो आणि उठून, वाकून, हलक्या हाताने टाळ्या वाजवत माझे आभार मानतो. मी बसलेला असतो डावीकडे, चिंचेवर. तो आभार मानतो उजवीकडच्या रिकाम्या फांदीचे.

साइदी तोंड उघडू बघतो. मी त्याला वेळ देत नाही. गुपचूप उडतो आणि उजवीकडच्या त्या फांदीवर जाऊन बसतो.